तीनशे बारा घरांची वही

मी, इंदिरा अंबादास रामटेके, वय वर्षे त्रेपन्न, अविवाहित, राहणार चेरीताल, जबलपूर, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आणि नागपूरच्या एका साप्ताहिकात एकोणीस वर्षे दर रविवारी लोकांच्या खोड्या काढणारी, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या बॉलपेनने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. तिच्यासाठी येत्या अठरा तारखेला नागपूरला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले पंच्याण्णव बरे होऊन घरी जातात. हा कागद उरलेल्या पाचांसाठी.

मालमत्तेकडे वळण्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवते, कारण ती पोटात ठेवून मला शांतपणे मरता येणार नाही. आमचे वकील बळीराम ढोके यांनी या मृत्युपत्राचा मसुदा इंटरनेटवरच्या सामायिक फाइलमध्ये तयार केला आणि मला लिंक पाठवली. मी उघडली. वरच्या कोपऱ्यात एक गोल चित्र आलं आणि त्यापुढे माझं नाव: अनामिक उंट. मी पासवर्ड न टाकता आत शिरले होते, म्हणून यंत्राने हाताशी असलेलं जनावर मला लावून दिलं. तरी मी बसले. 'माझ्या मृत्यूनंतर' एवढे दोन शब्द टाइप केले, तर माझ्या डोळ्यांदेखत तिकडून 'माझ्या' पुसलं गेलं आणि 'सदर महिलेच्या' आलं. मी फोन केला.

"वकीलसाहेब, सदर महिला अजून जिवंत आहे."

"अहो मॅडम, ते तर सजेशन आहे. ॲक्सेप्ट करा, नाहीतर रिजेक्ट करा."

त्रेपन्न वर्षांत पुष्कळ अपमान गिळले, पण शेवटची इच्छा उंट म्हणून लिहायची माझी तयारी नाही. म्हणून हा फुलस्केप कागद. याला दोन बाजू आहेत आणि दोन्हींवर मी एकटीच आहे.

कलम एक. चेरीतालचं दोन खोल्यांचं घर. वडील तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी हे बांधलं आणि 'पोरगी एकटी आहे' म्हणून माझ्या नावे केलं. ते माझ्यानंतर धाकटा भाऊ गणपत याला मिळावं. गणपतने काय केलं ते कलम चारमध्ये येईल. ते वाचून कोणी घराचा फेरविचार सुचवू नये. भावाला विटा देते. शब्द देत नाही.

कलम दोन. बँकेतली आणि पोस्टातली शिल्लक गणपतची मुलगी बेबी हिच्या शिक्षणाला. बेबीला मराठी समजते सगळी, बोलते अर्धी, आणि भांडते फक्त हिंदीत. तरी या घरात माझं लिखाण वाचणारी ती एकटीच आहे. लॅपटॉपही तिलाच. त्याचं 'ह' अक्षर अडकतं, जोरात दाबावं.

कलम तीन. माझे स्तंभ चिकटवलेल्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. आमच्या समाजाच्या मंडळाच्या वाचनालयाने नाही घेतल्या, तर मात्र द्याव्यात. कागद चांगला आहे.

कलम चार. आता खरी इस्टेट.

२०१३ साली छोटी लाइन, म्हणजे गोंदिया-जबलपूर नॅरोगेज रेल्वे, बंद होणार अशी बोलणी सुरू झाली. आमची बहुतेक माणसं गोंदियाकडून त्याच छोट्या गाडीने आली, जबलपूरच्या हाऊबाग स्टेशनावर उतरली आणि मिळेल त्या कामाला लागली: कारखान्यात, रेल्वेत, बिड्या वळायला, विटा वाहायला. राज्यं वाटली गेली तेव्हा नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. आधी आलेलं कोणी हललं नव्हतं, रेघ हलली होती; नंतरचे ती रेघ ओलांडून येत राहिले. त्यानंतर आमचा इतिहास लिहायची जबाबदारी तिकडच्यांना इकडची वाटली आणि इकडच्यांना तिकडची.

दिवाकर बाबाराव मेश्राम हा माझा पंचविशीपासूनचा मित्र. खाजगी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझ्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता तो म्हणाला, "इंदू, लाइन गेली का आठवण पण जाईल. आपणच लिहून काहून नाही ठेवत?"

तिथेच, ओट्यावर लॅपटॉप ठेवून, इंटरनेटवर सामायिक वही उघडली. नाव ठेवलं 'आलो कसे'. रकाने पाच: कोण, कुठल्या गावचे, कोणत्या साली, पहिली रात्र कुठे काढली, आणि सांगणार कोण. ज्याच्याकडे लिंक, त्याने लिहावं. माझा ईमेल ऑफिसचा होता, म्हणून वही दिवाकरच्या खात्यातून उघडली. कोपऱ्यात आलं: मालक, दिवाकर मेश्राम.

"हे मालक काय आहे रे?"

"अगं, ते यंत्र विचारते म्हणून. कोणाचं तरी नाव लागते. वही तर सर्वांचीच."

मी सरकारी लिपिक. आयुष्यभर खिडकीपलीकडच्या लोकांना सांगत आले, तोंडी काय ठरलं ते सांगू नका, कागदावर काय आहे ते दाखवा. त्या दिवशी मी चहात साखर टाकत होते.

नऊ वर्षांत तीनशे बारा घरं आली. कोणी फोनवर अंगठ्याने लिहिलं, कोणी नातवाकडून लिहवून घेतलं. बरगी धरणाच्या मजुरीवर आलेल्या चार घरांची हकिगत एका अनामिक हरणाने भरली. ते हरीण कोण, हे अजून कळलेलं नाही. २०१७ साली कोणाच्या तरी हातून गढा वस्तीतल्या घरांचा अख्खा भाग पुसला गेला. दिवाकरने दोन दिवस बसून जुन्या नोंदींतून तो परत आणला. वहीतल्या सहाशेच्या वर दुरुस्त्याही त्याच्याच आहेत. हे लिहिणं भाग आहे. स्तंभात मी हे गाळलं असतं.

रांग क्रमांक चार माझ्या आईची, अंजनीबाईची. १९६२ साली, सतरा वर्षांची, नवऱ्यासोबत हाऊबागला उतरली. हातात टोपली, टोपलीत जिवंत कोंबडी. बाकावर टोपली टेकवली तर कोंबडी बाहेर आली आणि तिने बाकावरच अंडं घातलं. टी.सी. आला. "मुर्गी का टिकट?" वडील म्हणाले, "मुर्गी तो गोद में थी." टी.सी. म्हणाला, "तो अंडा रेलवे का. रेलवे की बेंच पर दिया है." गर्दी जमली, दोन पक्ष पडले. आईने अंडं उचललं, टी.सी.च्या तळहातावर ठेवलं आणि आयुष्यातलं पहिलं हिंदी वाक्य बोलली: "लो साहेब. अब आप ही बैठो इस पर." पहिली रात्र त्याच टी.सी.ने क्वार्टरच्या ओसरीत काढू दिली.

गेल्या डिसेंबरात या रांगेतला एक शब्द दुरुस्त करायला मी वही उघडली. पडद्यावर पांढरं पान. 'तुम्हाला प्रवेशाची परवानगी हवी आहे.' खाली निळं बटण: 'परवानगी मागा'. मी बटण दाबलं. आईच्या कोंबडीला भेटायला अर्ज केला. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी फोन केला.

"अगं इंदू, मीच करणार होतो फोन."

"वही काहून बंद केली?"

"बंद कुठे? सुरक्षित केली. उघड्या दारातून कोणीही येते, गढ्याचं काय झालं होतं विसरली का? आणि पुस्तक येऊन राहिलं ना. प्रकाशक म्हणते, फुकटात उघडं आहे ते विकत कोण घेईल?"

"कोणाचं पुस्तक?"

तिकडून खोकला आला. मग, "नाव माझं आहे. कोणाचं तरी नाव लागते ना गं."

फेब्रुवारीत पुस्तक आलं. 'छोट्या लाइनीचे उतारू', लेखक दिवाकर मेश्राम. सभागृह, शाल, नारळ. मी विकत घेऊन वाचलं. दुसऱ्या पानावर लिहिलं आहे की लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय यातला कोणताही मजकूर कोणत्याही स्वरूपात वापरता येणार नाही. तिसऱ्या पानावर 'अनेकांचे सहकार्य लाभले'. त्या एका 'अनेकां'मध्ये त्याने तीनशे बारा घरं बसवली. आमची छोटी गाडीसुद्धा इतकी भरून कधी आली नव्हती. 'सांगणार कोण' हा रकाना काढून टाकला आहे. आणि पान एक्केचाळीसवर: 'या समाजात अशी एक लोककथा प्रचलित आहे की, एका स्त्रीच्या कोंबडीने...'

आई जाऊन सहा वर्षं झाली. लोककथा व्हायला एवढा वेळ पुरतो, हे मला माहीत नव्हतं.

मी त्याच्या घरी गेले. चहा नको म्हटलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. "दिवाकर, ही लोककथा तुला माझ्या आईने भाकर वाढता वाढता सांगितली होती. तू हसून हसून ठसका लागून उठला होतास."

"इंदू, आपणच म्हणायचो ना, वही सर्वांची. सर्वांची म्हणजे कोणा एकाची नाही. मग नाव कोणाकोणाचं घालू? वाचताना अडथळा होते." आणि मग, हळू आवाजात, "तुले काय, तुझा दर रविवारी फोटो येते. मी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून राहिलो. एक पुस्तक माझ्या नावावर आलं, तर तुझं काय गेलं?"

उत्तर देण्याऐवजी मी चपला शोधू लागले. माझ्या धंद्यात याला दिवाळं म्हणतात.

उत्तर आठवड्याने मिळालं, मंडळाच्या भांड्यांच्या खोलीत. मंडळाची भांडी सांभाळणारे दयाराम खोब्रागडे एका लग्नासाठी मोठे गंज, म्हणजे पातेली, मोजून देत होते. आमच्यात लग्न असो की तेरवी, भाजी-वरणाचे हे गंज मंडळातूनच जातात. प्रत्येकावर ज्याने दिला त्याचं नाव छिन्नीने घातलेलं. मी त्यांना दिवाकरचा प्रश्न विचारला: सर्वांची वस्तू असेल तर नाव कोणाचं?

दयारामजींनी हातातला गंज उलटा केला. 'नारायणराव बोरकर यांचे स्मरणार्थ.'

"ताई, गंज सर्वांचा, नाव नारायणरावचं. पस्तीस साल झाले. भाजी कोणी त्यांच्या घरी नाही पाठवली, आणि नावही कोणी नाही खरवडलं. याच्यात कठीण काय आहे?"

काहीच नाही. आमच्या लोकांना हे कायदे शिकायची गरज नव्हती; आम्ही ते भांड्यांना लावले आणि शब्दांना लावायचे विसरलो. चमच्यावरसुद्धा नाव घालणारी माणसं आम्ही. आईच्या तोंडच्या गोष्टीला मात्र म्हटलं, हिला काय नाव घालायचं, हिला कोण नेणार!

आता पेन ड्राइव्ह. २०२२च्या ऑगस्टमध्ये बेबीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी वहीची एक पूर्ण प्रत उतरवून घेतली होती. तीत पाचवा रकाना शाबूत आहे. तीनशे बारा घरं, तीनशे बारा सांगणारे. दुसरी अशी प्रत नाही. ती निळ्या पेन ड्राइव्हमध्ये, तांदळाच्या डब्यात आहे. दिवाकरला हे कळलं, कारण गणपतने सांगितलं. गेल्या रविवारी दोघं सोबत घरी आले. दिवाकर म्हणाला, "ऑपरेशनच्या आधी डोक्याला ताप नको इंदू. पेन ड्राइव्ह माझ्याकडे दे, जपून ठेवतो."

मी म्हटलं, "वही पण जपूनच ठेवली होतीस."

गणपत म्हणाला, "ताई, मरू दे ना. आईची गोष्ट पुस्तकात आली, हे काय कमी आहे? मी तर सरांना सांगून दिलं, तुझ्यानंतर मी देऊन टाकीन."

तुझ्यानंतर. मी समोर बसून त्याला पोहे वाढत होते. लिंबू पिळू का म्हणून विचारणार होते, ते तेवढं विचारलं नाही.

म्हणून हे मृत्युपत्र. घर वारसाने कोणालाही गेलं असतं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण हा डबाही वारसाने गणपतकडे जाईल, गणपतकडून दिवाकरकडे, आणि मग माझी आई आणि तीनशे अकरा घरं कायमची 'अनेक' होतील. म्हणून सांगते:

ही प्रत माझी मालमत्ता नाही. माझ्याकडे ठेव आहे. म्हणून ती मी कोणालाही देत नाही; परत करते. ती पुन्हा इंटरनेटवर उघडी करावी. मालक एक नसावा. चार वेगवेगळ्या घरांतली चार माणसं असावीत आणि त्यांतली दोन बायका असाव्यात, कारण सांगितलं बहुतेक बायकांनी आहे. वहीच्या पहिल्या पानावर अटी लिहाव्यात. वकीलसाहेबांनी त्या कायद्याच्या भाषेत करून द्यायची तयारी दाखवली होती, नको. अशाच लिहाव्यात: ज्याला लागेल त्याने न्यावं. त्यात हवं ते शिजवावं. पुस्तक करा, नाटक करा, भाषण करा, विका. कुलूप लावू नये. नाव खरवडू नये. अनामिक हरणाचंही नाही.

एक काम मात्र राहिलं आहे. गेल्या वेळी कोणाला विचारलं नव्हतं, म्हणून या वेळी घरोघर विचारते आहे: तुमची हकिगत तुमच्या नावासकट उघडी ठेवू का? चार महिन्यांत दोनशे चार घरं झाली. नाही कोणी म्हटलं नाही. एका घरी फक्त सासऱ्यांची दारू गाळायला सांगितली, ती गाळली. आधीच सुरू केलं असतं तर संपलं असतं. पण वही बंद झाल्यावरचे पहिले दोन महिने मी फोनकडे बघत बसले होते. वाटत होतं, दिवाकर 'चुकलं' म्हणेल. ते दोन महिने मी या मृत्युपत्राद्वारे बुडीत खाती टाकते. उरलेली एकशे आठ घरं मी परत आले नाही तर बेबी आणि दयारामजींनी पूर्ण करावीत. बेबीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "आत्या, मराठी में पूछना पड़ेगा?" हो. पडेल.

कलम पाच. दिवाकर बाबाराव मेश्राम यास. त्याच्यावर खटला भरू नये. त्याच्या सहाशे दुरुस्त्यांपुढे त्याचं नाव घालावं. गढ्याचा भाग कोणी वाचवला तेही लिहावं. नव्या वहीत त्याला वाचायची आणि भर घालायची मुभा असावी, पुसायची नसावी. आणि ती मुभा त्याला पहिल्या दिवसापासून असावी. त्याच्या पडद्यावर ते पांढरं पान आणि निळं बटण कधी येऊ नये. मी ते पाहिलं आहे. मैत्रीबद्दल या मृत्युपत्रात तरतूद नाही. ती माझ्याआधी गेली.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बळीराम ढोके यांनी करावी. त्यांच्यावरचा राग उंटापुरताच होता.

येथवर लिहिलेलं मी दोनदा वाचलं. कोणी धाक घातला नाही, कोणी गोड बोललं नाही. गोड बोलणारे गेल्या रविवारीच येऊन गेले. खालील दोघांसमोर सही करते. दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे ऐकून दोघेही हसले.

इंदिरा अंबादास रामटेके

साक्षीदार: १. दयाराम खोब्रागडे, चेरीताल. २. कलावती बोरकर, चेरीताल.

जबलपूर, ८ जून २०२४.

पुरवणी

दोनशे चार घरं झाली असं वर लिहिलं. ते खरं आहे, पण तिथे का थांबले ते लिहिलं नाही. पुढचं घर कुसुमबाई शेंड्यांचं होतं, आणि ते मी चार महिने पुढे ढकलत होते. आज सकाळी बेबीच्या स्कूटीवर बसून गढ्याला गेले. कुसुमबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मुलाच्या बांगड्यांच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसतात.

"कुसुमबाई, तुमची हकिगत उघडी ठेवू का?"

"ठेव ना बाई. लपवासारखं काय आहे आमच्यात?"

"अजून एक आहे. २०१४ साली तुमची रांग भरताना तुम्ही एक वाक्य बोलल्या होत्या. 'माणूस मेला का चांगला होते, म्हणून जितेपणी कोणी घाई नाही करत.' ते मी वहीत लिहिलं नाही. माझ्या लेखात लिहिलं. माझं म्हणून. त्या लेखाला नागपुरात बक्षीस मिळालं. लोक आजही भाषणात ते वाक्य माझ्या नावाने सांगतात."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. बेबीनेही माझ्याकडे पाहिलं.

"हे मी बोलली?"

"हो."

"अच्छा, ते! ते तर माह्या सासूचं होय, पार्वताबाईचं. जो मेला त्याच्या दारात म्हणे ती हे. मीच उचललं बाई तिचं."

"मग तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं काहून नाही?"

पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप सोबत आणला होता; दुकानाच्या पायरीवर बसून प्रत उघडली. रांग क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. वाक्य लिहिलं. पुढे लिहिलं: बोलणाऱ्या, पार्वताबाई शेंडे. सांगणाऱ्या, कुसुमबाई शेंडे. दहा वर्षं उशिरा उतरवून घेणारी, इंदिरा रामटेके. पुढच्या रविवारच्या स्तंभासाठी हेच, याच क्रमाने, साप्ताहिकाला पाठवलं. कुसुमबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सासूचं नाव जरा मोठ्या अक्षरात कर." केलं.

संमती मिळालेली घरं: दोनशे पाच.

इंदिरा अंबादास रामटेके

साक्षीदार तेच दोघे. जबलपूर, ९ जून २०२४.